दाराच्या कडीला बांधलेलं मत

मांडणीवरची भांडी गप्प झाली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. सुरतेच्या नवागामातल्या आमच्या गल्लीला लागूनच यंत्रमागांचे कारखाने होते आणि त्यांच्या अखंड खटखटाटानं घराघरांतले पेले, ताटल्या, डबे अहोरात्र किणकिणत असत. खानदेशातून लग्न होऊन आले तेव्हा त्या किणकिणाटानं मला झोप लागत नसे. पुढे तो इतका अंगवळणी पडला की ऐकूच येईनासा झाला. ज्या भाद्रपदात सुरतेला प्लेगची साथ आली, त्या भाद्रपदातल्या एका दुपारी माग थांबले आणि पेल्यात पेला निश्चल बसून राहिला. एखाद्या आवाजाच्या नसण्यानं तुम्ही कधी दचकला आहात का? निजलेल्या लेकराचा श्वास चालू आहे ना, हे पाहायला आई जसा त्याच्या छातीवर हात ठेवते, तसा मी त्या फळीवर हात ठेवून पाहिला होता.

साथीतलं भय मोठं विलक्षण असतं. वाघाचं भय वाघापुरतं, पुराचं पाण्यापुरतं. पाणी ओसरलं की ते ओसरतं. पण साथीत माणूस माणसाला भितो, आणि ज्याला भितो त्याच्याच दारात मिठाची वाटी घेऊन उभं राहिल्याशिवाय त्याचा स्वयंपाक होत नाही. पितृपक्ष लागला होता, पण घास ठेवायला कुणी बाहेर पडत नव्हतं. गटारांच्या कडेनं पांढऱ्या पावडरीची रेघ ओढलेली, तिचा उग्र दर्प डोक्यात भिनलेला, आणि जो तो नाकातोंडावर रुमाल बांधून नुसत्या डोळ्यांनी एकमेकांची चौकशी करणारा. अर्धी गल्ली मिळेल त्या गाडीनं गावाकडे पळाली होती. आम्ही राहिलो, कारण सुरतेहून आलेल्यांना गावच्या वेशीवरच अडवतात असा निरोप सासरहून आला होता. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

अशा दिवसांत आमच्या गल्लीनं निवडणूक घेतली, हे सांगितलं तर आज कुणी खरं मानणार नाही. पण तिला कारण घडलं पाण्याचं. घरमालकाचा माणूस पाण्याच्या चावीसकट पसार झाला आणि टँकर सुरू झाला. टँकर आला की हंडे, बादल्या, माणसं यांची अशी झुंबड उडे की रुमालाचा काही उपयोग उरत नसे. एके दिवशी त्या टँकरच्या ड्रायव्हरनंच हात टेकले. ‘एक आदमी नक्की करो भाई, जो लाइन लगावे. नहीं तो कल से टँकर नहीं आवेगा,’ असं खिडकीची काच वर चढवता चढवता तो म्हणाला. जो नेमला जाईल त्यानंच पाणी वाटायचं, औषधाच्या गोळ्या आणायच्या, आणि कुणाच्या घरी ताप निघाला तर काय करायचं तेही त्यानंच ठरवायचं. शेवटचं काम कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण खरी निवडणूक त्याचीच होती.

उभे राहिले दोघं. एक दगडूभाऊ, परभणीकडचे, मागांवरचे फिटर. गोड बोलणारे, सगळ्यांना धरून असणारे. दुसऱ्या सिंधुमावशी. आमच्याच धुळ्याकडच्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या कामगारांची खानावळ चालवणाऱ्या. जीभ अशी तिखट की त्यांच्या वरणात वेगळी मिरची घालावी लागत नसे, असं ‘हे’, म्हणजे माझे यजमान, म्हणत. दगडूभाऊंचं म्हणणं, ‘आधी आपल्या डॉक्टरला दाखवू, मग बघू. ती गाडी आली की मानूस गेलाच समजा.’ सिंधुमावशींनी मात्र गल्लीच्या मध्यावर उभं राहून सांगून टाकलं होतं, ‘जो तापमा फणफणी राहिना, त्याले मी सवताच्या हातवरी गाडीमा बसाडसू. मंग तो मना भाऊ का असेना.’ सरकारी दवाखान्याच्या त्या गाडीचं तेव्हा एवढं भय होतं की तिचा भोंगा ऐकला की बायका पोरांचे कान झाकत. मावशींचं बोलणं रास्त आहे हे कळत सगळ्यांना होतं. पण रास्त गोष्टीला मत देणं आणि आपल्या दारात ती गाडी उभी राहू देणं यांत केवढं अंतर असतं!

मत द्यायचं कसं, हा खरा पेच होता. सभा भरवायची नाही, रांग लावायची नाही, एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात जायला नको. अखेर विणणाऱ्यांच्या वस्तीला सुचावा तसाच मार्ग सुचला. आमच्यात घरोघरी रंगीत दोऱ्याच्या उरलेल्या कांड्या असतातच. ज्यानं त्यानं आपल्याच घरचा दोरा घ्यायचा, आपल्याच उंबऱ्यात उभं राहायचं आणि आपल्याच दाराच्या कडीला बांधायचा. पिवळा दगडूभाऊंचा, हिरवा सिंधुमावशींचा. मोजायला फिरणार कोण? कुणीच तयार होईना, तेव्हा दोन्ही उमेदवारांनीच जोडीनं फिरावं आणि त्यांच्या देखतच ज्यानं त्यानं गाठ मारावी असं ठरलं. मात्र त्यांनी पांढऱ्या रेघेच्या आत पाऊल टाकायचं नाही. इतकी निर्धोक निवडणूक मी पुढे कधी पाहिली नाही.

मतदानाच्या दिवशी पहाटे ह्यांना हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या, तरी दात वाजत होते. कपाळाला हात लावला तर चटका बसला. मी देवापुढे बसले. माझ्या सबंध संसाराचं ओझं त्या एका तापावर येऊन ठेपलं होतं. साधा हिवताप असेल तर उतरेल. तो नसेल तर? आणि साधा असला, तरी गल्लीला कोण पटवणार? हे बाहेर आले नाहीत तर लोक विचारतील, आले तर पाहतील. ‘मी येतो बाहेर. एक गाठ मारायची, आत यायचं,’ हे म्हणाले आणि भिंतीला धरून उठले. हातात पिवळा दोरा होता. मीही पिवळाच काढला. त्या सकाळी आम्हाला गाडी नको होती, एवढंच एक मत आम्हा दोघांचं होतं.

ऊन वर आलं तसे दोघं उमेदवार गल्लीच्या तोंडाशी दिसले. आणि पहिल्याच दारात ती गोष्ट घडली, जी सगळ्या योजनेत कुणाच्या ध्यानीमनी आली नव्हती. पहिल्या मतदारानं रुमाल हनुवटीखाली ओढला, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि मग गाठ मारली. दुसऱ्यानं तेच केलं. तिसरीनंही. मागावर जन्म काढलेला माणूस दोरा तोंडाला लावल्यावाचून गाठ मारूच शकत नाही. मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या भोकातून दोरा ओढून घ्यायचा तोही तोंडानंच, आणि तो धोटा दिवसपाळीच्या तोंडातून रातपाळीच्या तोंडात जायचा. आठवडाभर ज्यांनी श्वाससुद्धा गाळून घेतला होता, त्यांनी मताच्या त्या एका क्षणी आपापलं तोंड उघडं टाकलं होतं. ‘दोराले तोंड नका लावू रे, बाप्पा,’ सिंधुमावशी ओरडल्या. लोक वरमले, हसले; गल्लीत कितीतरी दिवसांनी हसू फुटलं. पण पुढच्या दारातल्या माणसाचा हात पुन्हा आपसूक ओठांकडे गेलाच.

आमचं दार आलं. मी माझा दोरा कसाबसा बांधला. हे चौकटीला टेकून उभे होते, अंगावर शाल, चेहऱ्यावर हसण्याचा आव. ह्यांनी दोऱ्याचं टोक ओठांतून काढलं आणि गाठ मारायला घेतली. आणि ज्या बोटांनी धावत्या मागावरचा तुटलेला धागा डोळ्यांचं पातं लवेस्तोवर जोडला असता, त्या बोटांना ती गाठ येईना. एकदा सुटली. पुन्हा सुटली. हात थरथरत होते आणि कडी कडकड वाजत होती. दगडूभाऊंनी ते पाहिलं. ते मागे सरकले, समोरच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत. मला वाटलं, संपलं सगळं.

सिंधुमावशींनी पांढरी रेघ ओलांडली. ह्यांच्या हातातला तो ओला पिवळा दोरा त्यांनी आपल्या उजव्या हातात घेतला, कडीभोवती फिरवला, पक्की गाठ मारली आणि घट्ट बसली की नाही ते ओढून पाहिलं. मग मागे वळून म्हणाल्या, ‘मोजा भाऊ, हाऊ तुमना शे.’ त्यानंतर त्याच हाताची पालथी बाजू ह्यांच्या मानेला लावली आणि माझ्याकडे न बघता हळू आवाजात बोलल्या, ‘पोरी, तयारी कर. गाडी बोलावस मी. मी बी संगे येस.’ मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तशा त्या झटकन लांब झाल्या.

त्यांनी बोलून दाखवलं होतं ते केलं, ह्यांना स्वतःच्या हातानं गाडीत बसवलं. निवडून मात्र दगडूभाऊ आले. संध्याकाळी ते बायकापोरांना घेऊन स्टेशनकडे गेले, असं मागाहून कळलं. त्यांना तरी दोष कसा द्यावा? धाकटी मुलगी अंगावर पिणारी होती. टँकरपाशी उभं राहायला दुसऱ्या दिवसापासून हरलेलीच उमेदवार होती, आणि त्याबद्दल कुणी पुन्हा निवडणूक मागितली नाही.

त्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर आम्ही दोघी दुपारभर बसलो होतो. आतून काही कळत नव्हतं. आत हिवतापाचंच निदान होतंय, चार दिवसांत हे घरी येणार आहेत, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं असतं तर! भीतीनं माझी मती इतकी गोठली होती की नको ते तोंडातून गेलं. मी म्हटलं, ‘मावशी, तो दोरा तसाच सोडून दिला असता, तर तुमच्या विरुद्धचं एक मत तरी कमी झालं असतं.’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली. ‘ते त्यानं मत व्हतं ना, माय. मनं नव्हतं,’ एवढंच त्या म्हणाल्या.

मग कुणीतरी चहा आणला. मावशींनी कप डाव्या हातात घेतला. आयुष्यभर शेकडो माणसांना उजव्या हातानं वाढणारी ती बाई, डाव्या हातानं चहा पीत होती. उजवा हात मांडीपासून दूर, ओसरीच्या कठड्यावर उताणा ठेवलेला होता. तो नळाखाली साबणानं पुन्हा पुन्हा धुताना मी त्यांना पाहिलं होतं. तरी सकाळपासून तो हात त्यांनी पदराला, तोंडाला, कशालाच लावला नव्हता.