प्रश्न आला की टाळ

आमच्या समितीची एक रीत होती. सभेत कुणी उठून उलटं काही विचारू लागला, की व्यासपीठावरचा माझा धाकटा भाऊ डाव्या हातानं टोपी सारखी करायचा. टोपी हलली रे हलली, की बाजूला बसलेलं भजनी मंडळ टाळ-मृदंगावर तुटून पडायचं. असा गजर, असा गजर, की विचारणाऱ्याचे नुसते ओठ हलताना दिसायचे. बिचारा दमून खाली बसायचा. मग टोपी पुन्हा हलायची, भजन थांबायचं आणि भाषण पुढं चालू.

हसू नका. ही रीत उगाच पडलेली नव्हती. निजामाच्या राज्यात चार माणसं जमवायची तर कचेरीची इजाजत लागायची, आणि ती मिळायची नाही. माझं माहेर जिंतूरकडचं. तिथं लोक मारुतीच्या देवळात भजनाला म्हणून जमायचे आणि दोन अभंगांच्या मधे राज्याविरुद्ध बोलायचं ते बोलून घ्यायचे. अनोळखी माणूस दारात आला, काही विचारू लागला, की तो खबऱ्या आहे असं धरायचं आणि टाळ वाजवायचे. त्या टाळांनी माझ्या भावाला तुरुंगापासून वाचवलंय, त्यांचे उपकार मी नाकारत नाही.

पण ते राज्य गेलं! पोलीस ॲक्शन झाली, संस्थान विलीन झालं, त्यालाही काही वर्षं उलटली. मराठी बोलणाऱ्यांचं एक राज्य व्हावं म्हणून समिती आता गावोगाव उघड सभा घेत होती, भाऊ तिचा चिटणीस होता. सभेला परवानगी, वर मांडव, फौजदार स्वतः खुर्ची टाकून बसलेला. तरी कुणी 'पण' म्हटलं की टोपी हलायचीच. साप केव्हाच गेला होता, आमची माणसं अजून भुई धोपटत होती.

आमचे हे ताडकळसला शाळेत मास्तर होते. घरात मराठी, शेजारी मराठी, पण शिक्षण सगळं उर्दूत. त्या राज्यात वर शिकायचं तर उर्दूच, दुसरी वाटच नव्हती. गणित, भूगोल, सगळं उर्दूत शिकले आणि उर्दूतच शिकवत आले. मराठी बोलायचे फाडफाड, पण लिहायला बसले की घाम फुटायचा. आता हुकूम निघायच्या बेतात होता की येत्या सालापासून सगळी शाळा मराठीत, ज्याला जमणार नाही त्यानं घरी बसावं. आम्हाला शेतीवाडी नव्हती. शाळा सुटली तर चूल कशावर पेटवायची, हा साधा सवाल होता.

"एक वर्षाची मुदत द्या म्हणावं, मी शिकतो," हे म्हणायचे. हुकूम द्यायच्या आधी अधिकारी समितीला विचारत होते, मराठीची बाजू समितीचीच. समितीनं शब्द टाकला तर मुदत मिळाली असती.

मी म्हणाले, "मग माझ्या भावाला घरी बोलवून सांगा की. जेवायला बोलवते."

"घरी सांगितलं तर मेव्हण्यानं मेव्हण्याचं काम केलं म्हणतील लोक," हे म्हणाले. "माझ्यासारखे लय मास्तर हायत. मी सभेतच विचारतो, चारचौघांत."

मला ती टोपी आठवली. तरी बाजाराच्या दिवशी लुगडं बदलून यांच्या मागं सभेला गेले आणि बायकांत बसले.

भावाचं भाषण रंगात आलं होतं. हे उठले. खाकरले. म्हणाले, "मराठी राज्य मलाबी पाहिजे. पण आमच्यासारखे जे उर्दूत शिकले..."

"निजामाचा मास्तर हाय त्यो! खबऱ्या हाय!" मागून कुणीतरी ओरडला.

आणि माझ्या सख्ख्या भावानं टोपी सारखी केली.

टाळ सुरू झाले. हे बोलत राहिले. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज यांचा, पण त्या गजरात एक अक्षर ऐकू येईना. हात हलताहेत, गळ्याच्या शिरा फुगल्यात, आणि लोक माना डोलवत भजन ऐकताहेत. माझ्या अंगाची आग आग झाली. हा माणूस आपल्या भाकरीचं विचारतोय, आणि तुम्ही त्याच्यावर देवाचं नाव आदळताय?

मी उठले. पदर खोचला, सरळ भजनी मंडळाच्या म्होरक्या काकांच्या पुढ्यात गेले आणि म्हणाले, "काका, आणा ते टाळ." काका इतके बावचळले की देऊन मोकळे झाले. शेजारच्याचेही काढून घेतले. मृदंगवाल्यानं एकट्यानं दोन थापा मारल्या आणि ओशाळून हात आवरला. मी टाळ मांडीवर घेऊन तिथंच फतकल मारून बसले.

"अक्का, काय करायलीस?" भाऊ ओरडला. "सभा हाय ही!"

"सभा हाय म्हणूनच घेतले. भजन असतं तर मीच म्हणू लागले असते. ह्यो माणूस खबऱ्या हाय? अन् खबर कुणाला देणार रे? निजाम बसलाय का अजून गादीवर?"

लोक हसले. फौजदारही हसला. भाऊ लालबुंद झाला, पण तोही काही कच्चा नव्हता. म्हणाला, "मांडव आपला, कष्ट आपले. आपल्याच सभेत आपल्याला आडवं बोलू द्यायचं? ज्याला वाद घालायचाय त्यानं आपला मांडव घालावा. आत्ताच फाटे फुटले तर राज्य कसं मिळंल?"

यात तथ्य नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही. एकी मोडायला टपलेली माणसं तेव्हाही होती, आताही आहेत. पण उत्तर मला समोरच दिसत होतं. मांडवाच्या पलीकडं बैलबाजार भरला होता.

"तिकडं बघ," मी म्हणाले. "बैल विकायला आणला त्यो गिऱ्हाइकाला दात बघू देतो का न्हाई? बैलाचं तोंड दाबून धरलं तर गिऱ्हाईक काय समजंल? तुझं म्हणणं एवढं चांगलं हाय, मग दात दाखवायला का भितोस?"

"बाईचं बरोबर हाय," एक पागोटेवाले आजोबा म्हणाले. "मास्तर, बोला तुमी."

हे बोलले. पहिले दोन शब्द अडखळले, मग नीट मांडलं सगळं. मराठी हवी, पण ज्यांना ती लिहायला कुणी शिकवलीच नाही त्यांना हाकलू नका, एक वर्ष द्या. एवढंच.

भावानं टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "याचा जवाब मला ठावं न्हाई. आमी ह्याचा इचारच केला न्हाई." मला वाटतं, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण तेच.

मग काय, झाकण उडालं. सरकार मुंबईला बसणार तर दरखास्त घेऊन आमी कुठवर चालत जायचं? मुंबईवाले आमची मराठी ऐकून हसतील त्याचं काय? एकजण तर शेजाऱ्यानं बांध कोरला ती कहाणी घेऊन बसला, थांबेचना. तेव्हा पागोटेवाल्या आजोबांनीच नियम काढला: विचारणाऱ्यानं विडी पेटवायची, विडी संपली की बसायचं. जो ओढत नाही त्याची आजोबा ओढणार. आजोबांची त्या दिवशी चंगळ झाली.

मांडव मोडायच्या आत समितीनं मुदतीची मागणी मंजूर केली, आणि पुढं ती वर मान्यही झाली: शाळा मराठीत, पण मास्तरांना मराठीची परीक्षा द्यायला एक वर्ष. भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही. बसू दे म्हटलं रुसून. टाळ मी काकांना परत केले, पण देवळातच वाजवीन असं त्यांच्याकडून वदवून घेऊन.

त्या वर्षी हे वर्गात मराठीतून शिकवायचे आणि संध्याकाळी माझ्यापुढं पाटी घेऊन बसायचे. मला माहेरी पोथी वाचायला शिकवलं होतं, तेवढ्या भांडवलावर मी यांची मास्तरीण. ऱ्हस्व-दीर्घावरून आमची जी भांडणं झाली ती शेजाऱ्यांना विचारा. वर्षअखेरीला परीक्षा दिली, पास झाले, शाळा टिकली. मी गल्लीभर गूळ वाटला.

राज्य झालं ते साठ साली. ताडकळसच्या त्याच बाजारात सभा झाली आणि भावानं यांना भाषणाला उभं केलं. "आमचे दाजी," म्हणाला, छाती फुगवून. हे मराठीवर सुरेख बोलत होते. तेवढ्यात एक तरणा गडी उठला. मी ओळखलं त्याला, त्या मुदतीच्या वर्षी यांच्याच वर्गात होता.

"मास्तर, राग मानू नका," तो म्हणाला. "तुमाला मुदत मिळाली, पण आमचं वरीस गेलं. तुमी चुकीचं लिहायचे, आमी तेच उतरवायचो. परीक्षेत मी मराठीतच नापास झालो अन् बापानं मला औताला जुंपलं. माझी मुदत कुणी मागितली?"

भावाचा हात टोपीकडं गेला, या खेपेला आपल्या दाजीच्या मायेनं. राज्य झाल्याच्या आनंदात काकांचा शब्द मोडून भजनी मंडळ त्या दिवशीही हजर होतं, टाळ हातात होते. आणि खरं सांगते, माझ्याही मनात आलं की वाजू देत. माझ्या माणसाची अशी भर सभेत शोभा व्हावी?

यांनी भावाचा हात वरच्या वर धरला. "टोपी राहू द्या," म्हणाले. मग त्या गड्याला म्हणाले, "विडी पेटव बाबा. समदं बोल. मी उभा हाय."

तो विडी संपेपर्यंत बोलला. हे ऐकत उभे राहिले, आणि शेवटी म्हणाले, "तुझं खरं हाय. ही मुदत मी तुझ्या वाट्यातली घेतली. उद्यापासून दिवेलागणीला घरी ये."

तो आला. दोन वर्षं येत होता, आणि त्याची पाटी मी तपासायचे.