चुकलेला चेंडू कोणाचा

बाबांना पार्किन्सन्स झाल्यावर मी नोकरीचं काम घरून करायची परवानगी काढली आणि पुण्याहून भोपाळला, अयोध्या नगरच्या आमच्या घरी, परत आले. फावल्या वेळात बास्केटबॉलचा एक कॉम्प्युटर गेम लिहीत होते. त्यात आपण दोन संघ निवडायचे. मॅच आपोआप होते आणि शेवटी आकडे दिसतात. बाबा तरुणपणी कारखान्याच्या बास्केटबॉल संघात होते. ते खुर्ची ओढून शेजारी बसत.

एका दुपारी ते म्हणाले की माझे रिबाउंड चुकताहेत. हुकलेला शॉट रिंगवर आपटून परत येतो, तेव्हा चेंडू कोणाच्या हाती लागेल हे मी उंची आणि उडीवरून ठरवलं होतं. त्यामुळे मॅच कुठलीही असो, सगळ्यात उंच खेळाडूच चेंडू घेऊन जायचा.

"उंच माणसाचा हात पोचतो," बाबा सावकाश म्हणाले, "पण त्याला तिथवर येऊ द्यायचं की नाही, ते पुढे उभा असलेला ठरवतो."

मला नीट कळलं नाही. मग ते टेबल धरून उठले, माझ्या आणि भिंतीच्या मधे, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, भिंतीवरच्या कॅलेंडरला हात लाव. मी उजवीकडून गेले, डावीकडून गेले. त्यांचे हात थरथरत होते, पण पाठ हलली नाही. कित्येक वर्षांत आम्ही इतके जवळ उभे राहिलो नव्हतो.

मी गणित बदललं. चेंडू कुठल्या संघाला मिळणार हे आधी ठरायचं. बचाव करणारे रिंगच्या जवळ असतात, म्हणून त्यांचा वाटा मोठा. मग त्या संघाच्या पाच जणांत जागा धरून ठेवणाऱ्याला झुकतं माप, उंची त्यानंतर. हजार मॅच चालवल्या. बाबा आकडे पाहून म्हणाले, "आता बरं आहे."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

तेराव्याला त्यांच्या संघातले एक काका आले. ते म्हणाले, "पेपरात नाव माझं यायचं. बास्केट मी करायचो ना. पण चेंडू तुझे बाबा काढून द्यायचे."

एका मॅचमध्ये किती चेंडू, मी विचारलं.

काका म्हणाले, "ते कोणी मोजतच नव्हतं, बेटा."

मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा ठेवला.