मास्टरांनी अंगाबरोबर शिवलेली खोपडी

माणूस समोर आला की मास्टर आधी त्याचे खांदे बघायचे, नमस्कार मागून. तिरोड्यात जन्मभर टेलरिंगचं दुकान चालवून डोळ्यांना तशी खोडच लागलेली. तुमच्या गल्लीतला टेलरही असाच बघत असेल. पण आमचे मास्टर माणसाच्या मापाची खोपडी, म्हणजे पाल्याची झोपडी, शिवायचे.

रेडिमेडच्या जमान्यात दुकान बसलं आणि त्यांना जंगलात राहण्याचा नाद लागला. नागझिऱ्याच्या जंगलाकडेला माझं धानाचं शेत. हिवाळ्यात तिथं असं दव पडतं की सकाळी चादर पिळून घ्यावी. बांबू, वेल आणि सागाचा पाला घेऊन ते तिथंच बसत. मी त्यांचा एकुलता शिष्य.

माझ्या पहिल्या खोपडीत मास्टर डोकावले.

"काऊन गा, लगीन लावतोस का इथं?"

"हातपाय पसरायला नकोत?"

"ढिली शिवली का थंडी घुसते. अंगाबरोबर पाहिजे!"

मग अंगाबरोबर केली, तर पोटाचं माप धरायचं राहिलं. पुढच्या खेपेला छताला ताजं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, घातलं आणि अक्कल पाजळून बैल शेजारीच बांधले. सकाळी डोळे उघडले तर वर आभाळ, बाजूला बैल रवंथ करताहेत.

"अस्तरासकट खाल्ली," मास्टर एवढंच म्हणाले.

बायको गेल्यापासून ते एकटे होते. मुलगा नागपूरला चला म्हणून मागे लागलेला. शेवटी बापलेकात ठरलं : पौषातली एक रात्र मास्टरांनी स्वतःच्या खोपडीत, शेकोटी न पेटवता काढायची. निभली तर तिरोडा, नाहीतर नागपूर.

सकाळी मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेलो. मास्टर पाल्यातून बाहेर आले. हात धरून पाहिले, तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखे गरम.

"जिंकलो ना गा!"

तेवढ्यात बांधापलीकडे त्यांना मुलाची गाडी दिसली. संध्याकाळी बापाला सोडून तो घरी गेलाच नव्हता. बापाचा खोकला ऐकू यावा म्हणून काच खाली ठेवून रात्रभर बसला होता. ओठ काळेनिळे.

"पागल झालास का बे?" मास्टरांनी त्याला ओढतच आणलं, आपल्या उबेच्या जागेत निजवलं आणि वर पाला लोटला.

"जिंकलात तुम्ही, बाबा," तो दात वाजवत म्हणाला, आणि लगेच झोपला.

मास्टर चहाचा कप धरून त्याच्याकडे बघत राहिले.

"मी राहून जाईन गा एकटा," ते हळूच म्हणाले. "ह्याले नाही जमत."

दुपारी मास्टर नागपूरला जायला गाडीत बसले. स्वेटरच्या पाठीला सागाच्या पानांचा चुरा चिकटला होता. तो झटकायचं कुणालाच सुचलं नाही.