दिवसा उतरणारी विहीर

पंपवाल्या वहिनीला एखादा प्रश्न पडला की घरच्यांनी समजून घ्यायचं, आता आठवडाभर भाजीत मीठ कमी-जास्त होणार. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याच्या पंपदुरुस्तीच्या दुकानातली मोटार बघून तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ही उलटी फिरवली तर पाणी परत खाली जाईल का?" नवरा हसला. पण दुसऱ्या दिवशी त्याने दार लावून तारा उलट्या जोडून बघितल्याच.

पुढे नवऱ्याची पाठ गेली. जळालेल्या मोटारींत बसल्याबसल्या तार भरणं त्याला जमे, विहिरीत उतरणं मात्र कायमचं बंद झालं. तेव्हा वहिनीने पान्हे उचलले. बाईमाणूस विहिरीत उतरणार म्हटल्यावर लोकांनी नाकं मुरडली. तिची थोरली नणंद शाळेत मुख्याध्यापिका. तिने शाळेच्या विहिरीचं काम मुद्दाम वहिनीलाच दिलं आणि स्वतः काठावर खुर्ची टाकून दिवसभर बसून राहिली. "कुणाला काही बोलायचं असेल तर माझ्याशी बोला," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर कुणाची छाती झाली नाही. हे उपकार वहिनी विसरली नव्हती.

या नणंदेला सगळं गाव मोठ्या बाई म्हणे. वहिनीच्या त्या वन्सं. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी माडीवरच्या खोलीत राहायच्या, आणि नदीचं वेड त्यांचंच. बारमाही वाहणारी नदी सहा वर्षांपूर्वी हिवाळा संपायच्या आत डबक्यांवर आली, तेव्हा सगळे हळहळले आणि आपापल्या कामाला लागले. बाई तेवढ्या गप्प बसल्या नाहीत. पोरांना घेऊन त्या घरोघर फिरल्या. नदीत कचरा टाकणं थांबवलं, वाळू उपसणं थांबवलं. जो ऐकेना त्याच्या दारात त्या पाचवीच्या वर्गाला नदीची गाणी म्हणायला बसवत. पाचवीच्या वर्गाचा सूर असा होता की तिसऱ्या दिवशी माणूस शरण येई.

मग पुलाच्या वरच्या अंगाला, काठच्या मोकळ्या जमिनीत, झाडं लावली. बाराशे निलगिरी. रोपवाटिकेने फुकट दिली, शेळ्या तोंड लावत नाहीत आणि बघता बघता वाढतात, मग आणखी काय हवं? प्रत्येक झाडाला लावणाऱ्या पोराच्या नावाची पत्र्याची पट्टी. सहा वर्षांत तिथे असं बन उभं राहिलं की परगावची माणसं बघायला येऊ लागली. नदी तेवढी आली नाही. पाऊसच कमी झालाय, असं जो तो म्हणे, आणि बाईही तेच म्हणत. म्हणून येत्या रविवारी समोरच्या काठावर आणखी पाचशे निलगिरी लावायच्या ठरल्या होत्या. रोपं शाळेच्या अंगणात येऊन पडली होती.

त्याच आठवड्यातल्या सोमवारी बनाला लागून राहणाऱ्या शिंप्याचा पंप जळाला. तो बायकोला घेऊन रविवारपर्यंत मुलीकडे निघाला होता. "सावकाश करा," म्हणाला आणि किल्ली देऊन गेला. वहिनीने पंप काढायच्या आधी दोरी सोडून पाण्याचं माप घेतलं. दोरीला खाली वजन, हातहातावर गाठी, आणि गाठींच्या मधलं अंतर ती बोटांनी मोजायची. संध्याकाळी विसरलेला पान्हा आणायला गेली तेव्हा हाताला सवय म्हणून पुन्हा दोरी सोडली. पाणी चार बोटं खाली गेलं होतं.

वहिनी काठावरच बसली. पंप दुकानात उघडून पडलाय, विहिरीवर जाळी, घराला कुलूप. मग पाणी प्यालं कोण?

मंगळवारी सकाळी गेली, तर पाणी तीन बोटं वर आलेलं. संध्याकाळी पुन्हा चार बोटं खाली. वहिनीला पहिला संशय शेजाऱ्याचा आला. त्याने चोरून टाकलेली नळी दिसते का, म्हणून तिने कुंपणालगत शोधाशोध केली. नळी सापडली नाही, पण शेजारी सापडला, आणि "काय हरवलंय?" या त्याच्या प्रश्नाला "कानातलं" असं उत्तर द्यावं लागलं. मग बिचारा अर्धा तास कानातलं शोधत होता. बुधवारी आभाळ भरून होतं. त्या दिवशी पाणी जेमतेम एक बोट उतरलं. नदीपलीकडच्या पडक्या विहिरीवरही ती हे दोन्ही दिवस जाऊन आली. तिथे सकाळ-संध्याकाळ माप तेच.

जेवताना तिने हे सगळं नवऱ्यापुढे मांडलं. भाजी अळणी होती. त्याने तक्रार केली नाही.

"उन्हात काम करतं, रात्री झोपतं आणि ढगाळ असलं की अंग चोरतं," तो म्हणाला. "माणूस असता तर मी त्याला दुकानात ठेवला असता."

वहिनीचा घास हातातच राहिला. ऊन असलं की काम करणारं त्या विहिरीजवळ दुसरं होतं काय?

गुरुवारी सकाळी तिने शिंप्याच्या विहिरीजवळच्या एका निलगिरीच्या पानांच्या झुबक्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून तोंड घट्ट बांधलं. दुपारी पिशवीच्या तळाशी पाणी साचलं होतं, चांगलं पेलाभर. एवढं एका झुबक्याचं. तिने मान वर करून शेंडे बघितले, मग मागे पसरलेल्या ओळी बघितल्या. हे बाराशे पंप होते. त्यांना वीज लागत नव्हती आणि ते जळतही नव्हते. कोडं सुटलं, पण नेहमीसारखा आनंद काही झाला नाही. आता हे वन्संना सांगायचं होतं, आणि रविवारच्या आत सांगायचं होतं.

शुक्रवारी ती त्यांना बनात घेऊन आली. आधी विहिरीची मापं सांगितली, मग पिशवी दाखवली. कुंडीतल्या रोपाला पिशवी बांधायचा हाच प्रयोग बाई दर वर्षी पाचवीला करून दाखवत, त्यामुळे समजावून सांगायची गरजच नव्हती. त्यांनी पिशवी वर धरून बघितली.

"झाडांना नावं ठेवणारी तू पहिलीच गं," त्या म्हणाल्या.

"झाडांना नाही वन्सं. ही झाडं या जागी नकोत. नदीचे झरे इथेच आहेत, आणि ते नदीपर्यंत पोचायच्या आत संपतात."

"म्हणजे सहा वर्षं मी पोरांकडून नदी आटवून घेतली?"

बाई तडक निघून गेल्या. त्या रात्री माडीवरून जेवायला खाली आल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाही न घेता बाहेर पडल्या. वहिनीचं कामात लक्ष लागेना. आपलं माणूस दुखावलं होतं आणि त्यावर तिच्याकडे काही पान्हा नव्हता.

शनिवारी उतरत्या उन्हात बाई दुकानात आल्या. पायताणाला चिखल होता. शिंप्याच्या विहिरीवर त्या सकाळीही जाऊन आल्या होत्या आणि आत्ताही तिथूनच येत होत्या.

"साडेतीन बोटं," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "उद्याची लागवड रद्द. बनही काढायचं, इथली जुनी सावकाश वाढणारी झाडं लावायची. लागवडीऐवजी उद्या शाळेत सभा घेऊन सगळ्यांसमोर सांगते, झाडं मी निवडली, चूक माझी."

"एकदम नका काढू. एक ओळ काढू, पंधरा दिवस माप घेऊ, मग पुढची."

"बरं." बाई तिच्याकडे वळल्या. "एक विचारू? तिथल्या विहिरींची मापं तू वर्षानुवर्षं घेतेस. तुला हे याच आठवड्यात कळलं?"

वहिनीने हातातला पान्हा खाली ठेवला. हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता. शेजारी मोटारीत तार भरत बसलेल्या नवऱ्याने मान वर केली नाही.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "बनाकडच्या विहिरी उतरत होत्या, पलीकडच्या नव्हत्या. दिसत होतं मला."

"मग? साध्या बोल्टाचं कोडं पडलं तर तू झोपत नाहीस."

"पाणी उतरलं की लोक पाइप वाढवायला मला बोलावतात, वन्सं. काम मिळत होतं. आणि तुमचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं. यातलं खरं कारण कुठलं, तेवढा एकच प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"उद्या मी एकटी बोलणार होते," त्या उठता उठता म्हणाल्या. "आता दोघी बोलू."

रविवारी शाळेच्या मोठ्या खोलीत बसायला जागा उरली नाही. मोठ्या बाईंनी सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. मागे कुणाची तरी पोरगी मुसमुसू लागली, तिच्या नावाची पट्टी पहिल्याच ओळीत होती. बाई तिच्याकडे बघून थांबल्या, मग बोलणं पुरं केलं आणि माइक वहिनीपुढे धरला. वहिनीने तो हातात घेतला. समोर शिंपी होता, शेजारी होता, बनाकडच्या आळीतली सगळी घरं होती. गेल्या तीन वर्षांत पाइप वाढवायला यातल्या प्रत्येकाने तिला एकदा तरी बोलावलं होतं, आणि ती हसतमुखाने गेली होती.

"माझीही एक चूक सांगायची आहे," वहिनी म्हणाली, आणि पहिलं नाव शिंप्याचं घेतलं.