न दिसणारी टोपली

फौजेत निकेतचं घोडं अडलं ते त्याच्या मानेपाशी. पायांचं काही म्हणणं नव्हतं. भरतीआधी मामाकडे किहीमला राहून, वाळूत धावून धावून त्यानं असा दम कमावला होता, की पळण्यात त्याचा हात धरणारा तुकडीत कोणी नव्हता. पण ड्रिल सुरू झालं, की या पठ्ठ्याची नजर जमिनीला चिकटायची.

त्याचा तरी काय दोष! बाप बुधाजी आणि आई कमळ, दोघंही मिठागरात राबणारी. मिठागराचे बांध अरुंद आणि निसरडे. बघून पाऊल टाकलं नाही, की माणूस खाऱ्या चिखलात आडवा. चालायला लागल्यापासून पोरगं खाली बघूनच चाललेलं.

"अरे, सोनं सांडलंय काय खाली?" ड्रिल शिकवणारे उस्ताद ओरडायचे. तुकडी हसायची, निकेतही ओशाळून हसायचा आणि चार पावलांत मान पुन्हा खाली. शेवटी उस्तादांनी निर्वाणीचं सांगितलं, "परीक्षेत असा चाललास तर मागच्या तुकडीत जाशील. शपथेची कसम परेड तुझ्या सोबत्यांची होईल, तुझी नाही."

तिकडे कमळनं परेडला जायचं म्हणून गावभर सांगून ठेवलं होतं, नवं लुगडंसुद्धा घेतलं होतं. रविवारी फोन हातात मिळाला तेव्हा निकेत रडलाच.

"आये, मना न्हाय जमत. मान वर केली का वाटतं, पडलो."

कमळ म्हणाली, "त्याच बांधावरून मी मिठाची टोपली घेऊन जाते ना? डोक्याव वझं आसल्यावर खाली बगाला जमतं व्हय? तू पन टोपली घे आन चाल."

"हितं कुठली टोपली?"

"न्हाय तर न्हाय. हाय आसं समज."

दुसऱ्या दिवसापासून निकेतच्या डोक्यावर टोपली चढली. सुरुवातीला ती बऱ्याचदा सांडली, त्यानं शिव्याही खाल्ल्या. पण परीक्षेत मान हलली नाही, आणि उस्तादांनी चक्क पाठ थोपटली.

परेडच्या दिवशी कमळ नवं लुगडं नेसून, लेक भाविकासोबत पुढेच बसली. आपलं गुणी पोर समोरून ताठ मानेनं निघालेलं पाहून तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. पण ती पदर उचलेना, मानही हलवेना.

"आये, डोळं पूस ना," भाविका कुजबुजली.

"थांब गो," कमळ समोर बघतच म्हणाली. "त्याला पलीकडं जाऊ दे. मी हलले तं त्याची टोपली पडल."