सगळ्यांना उघडं फोल्डर

टावर चौकाजवळ एका औषध कंपनीच्या ऑफिसात मी नेटवर्क सांभाळते. कुणाला कोणतं फोल्डर उघडता येईल, हे तो माणूस कुठल्या ग्रुपमध्ये आहे त्यावर ठरतं. ते ग्रुप अधूनमधून तपासायचे असतात. मी टाळत आले होते. गेल्या महिन्यात ऑडिटवाल्यांनी यादी मागितली, तेव्हा कुठे बसले.

आजारपणाच्या रजांचे कागद एचआरच्या तिघांनाच दिसायला हवेत. त्या ग्रुपमध्ये तीन नावं होतीच, पण खाली चौथी ओळ होती: ‘सर्व कर्मचारी’. मला क्षणभर कळेचना. म्हणजे ऑफिसातलं कुणीही कुणाचाही डॉक्टरी दाखला वाचू शकत होतं!

हे केलं कुणी? नोंद काढली, तर माझंच लॉगिन. गेल्या श्रावणातला सोमवार. मग आठवलं. देवाची पालखी, म्हणजे सवारी, निघाल्यामुळे रस्ते बंद, मी घरूनच काम करत होते. एचआरच्या मॅडमचा फोन आला, “आमच्या फोल्डरमधलं एक सर्क्युलर सगळ्यांना दिसू दे, अर्ध्या तासापुरतं.” मी ती ओळ घातली. काढायची राहून गेली.

त्याच फोल्डरमध्ये माझाही दाखला होता. तिसऱ्या महिन्यात माझा गर्भ पडला होता आणि ऑफिसात मी कावीळ सांगितली होती. नोंदीप्रमाणे तो एकदाच उघडला गेला होता, अकाउंट्समधल्या ताईंकडून.

जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठलं. “ताई, माझा दाखला वाचलात?”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “माझा अर्ज शोधत होते गं, तुझा उघडला गेला. पढ़ लिया तो पढ़ लिया, आता पुसता थोडंच येतं? कुणाला बोलले नाही.”

“मला तरी सांगायचं!”

“काय सांगू? तूच कावीळ म्हणत होतीस.”

वर्षभर कुणी मला “खुशखबर कधी?” विचारलं की ताई विषय तोडायच्या. मला वाटायचं, त्यांना मी आवडत नाही.

ती ओळ काढली आणि साहेबांकडे गेले.

“गलती किसकी है?”

“मेरी, सर.”

ते ओरडले नाहीत. आधी मला नोंदीत त्यांचं नाव शोधायला लावलं. त्यांचा दाखला चौदा जणांनी उघडला होता. साहेब खुर्चीत मागे टेकले. “मतलब, सबको पता था?”

मला लेखी ताकीद मिळाली. चूक माझी होती, असं पत्र मीच सगळ्यांना पाठवलं. दोघं जण अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या कागदांत काय होतं, मी पाहिलेलं नाही.