चिमण्यांची भाकरी

गच्चीवर वाळत घातलेला सदरा दिसला, की आजही मी आधी त्याच्या बाह्यांकडे बघते.

निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतरचे दिवस होते. माणसं हत्यारं घेऊन कुणाकुणाला हुडकत फिरायची. करमाडच्या आमच्या शेतात बाजरी भरली होती. बुजगावण्याच्या खांद्यावर एरवी चिमण्या खुशाल बसायच्या. त्या दुपारी एकही नव्हती. आणि सदऱ्याच्या बाहीतून काठीऐवजी बोटं दिसत होती.

मी आत्याला बिलगले. "बुजगावणंच हाय ते," ती म्हणाली आणि तिनं भाकरी बांधावर ठेवली.

"मग भाकरी कुणाला?"

"चिमण्यांना. चल, मागं बघू नको."

दुसऱ्या दिवशी तिथं नुसत्या काठ्या होत्या. भाकरी खरंच चिमण्या खात होत्या. आत्या मटकन बांधावर बसली.

अनोळखी माणसासाठी कुणी असं बसत नाही, हे कळायला मला तिच्याएवढं व्हावं लागलं.